हात मागं, नाक म्होरं

"हात मागं, नाक म्होरं."

गुलाबापाशी कुणी थांबलं की आबा एवढंच म्हणायचे. आणि मग स्वतः करून दाखवायचे. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवायचे, कमरेत वाकायचे, डोळे मिटायचे आणि फुलापाशी नाक नेऊन बराच वेळ तसेच उभे राहायचे. डोक्यावरचा लाल पटका फुलाला लागू नये म्हणून मान थोडी कलती असायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा फुलाला काहीतरी खाजगी सांगतोय.

तुमच्यापैकी पुष्कळांनी दौंड पाहिलं असेल ते गाडीच्या खिडकीतून. इंजिन बदलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उतरून भजी खाल्ली, पाणी भरलं, झालं दौंड. त्याच दौंडच्या मधोमध, बाजारातल्या गर्दीपासून चार पावलांवर, एक गुलाबाची बाग आहे असं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. माझ्या ऑफिसातल्या लोकांनीही काढलं होतं. बाग कुणाच्या ताब्यात आहे ते विचारू नका. तिथले साहेब भले आहेत, आणि मला अजून त्याच गावात नोकरी करायची आहे.

मी केडगावहून डेमूने येते. गाडी लवकर पोचवते आणि ऑफिस उशिरा उघडतं, मधला वेळ माझा. तो मी बागेतल्या एका बाकावर घालवत असे. घरी सासू, नवरा, मुलगी, ऑफिसात साहेब. तेवढा वेळ मला कुणाशी बोलायचं नसायचं. थर्मासातला चहा आणि समोर गुलाब. थंडीच्या दिवसांत भीमेकडून धुकं यायचं, बागेचं कुंपण दिसेनासं व्हायचं, आणि मग मी गावात आहे की गावाबाहेर, जागी आहे की गाडीतच डुलकी लागलीय, हे माझं मलाच कळायचं नाही. तेच मला आवडायचं.

अशाच एका सकाळी मी एका फुलाला नुसतं बोट लावलं आणि मागून आवाज आला, "हात मागं, नाक म्होरं."

"मी काही तोडत नव्हते," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"तोडत न्हवता, खरं हाय. पर हाताला खोड आसती. नाकाला नसती."

मी हात मागे घेतले आणि वाकले. त्या फुलाला वास असा फारसा नव्हता, पण थंड पाकळी नाकाला लागली आणि डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा आबा पुढच्या वाफ्यापाशी गेलेले होते.

आबांचा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेलेला. न्हावऱ्याचे मूळचे, पण न्हावऱ्यात राहिले कमी. पावसाळ्यापुरतं घर, एरवी रानोमाळ. मेंढरं विकली ती पाय थकल्यावर. थोरला मुलगा गावाकडे कांदा-ऊस करतो, धाकटा दौंडला रेल्वेत लागला. त्याच्या क्वार्टरमध्ये आबा आणि आजी राहत. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

"चालायचं कुठं मानसानं?" आबा म्हणायचे. "ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपातूर? कोकरूसुदिक कट्टाळलं."

म्हणून ते बागेत येऊ लागले. आणि बागेत आल्यावर त्यांनी जे केलं ते त्यांच्या जातीच्या माणसालाच सुचावं. प्रत्येक झुडपापाशी पाटी होती, तिच्यावर कसलीतरी लांबलचक विलायती नावं होती, ती उन्हानं पुसून गेली होती. आबांनी सगळ्या झाडांना नवी नावं ठेवली, मेंढरांना ठेवतात तशी. पिवळसर पांढरी ती भुरी. काळपट लाल ती काळतोंडी. कुंपणाबाहेर फांद्या टाकणारी ती चुकार. एक झाड कायम कळ्या धरायचं आणि उमलायच्या आधी गाळायचं, तिला ते लंगडी म्हणत आणि तिच्यापाशी जास्त वेळ उभे राहत.

"आज चुकार कुठवर गेलीय बघा, म्याडम," असं म्हणून ते फांदी हलकेच आत वळवायचे. हात मागं हा नियम तेवढ्यापुरता बाजूला.

मला 'म्याडम' म्हणू नका, असं मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. ते बरं म्हणायचे आणि पुन्हा म्याडम म्हणायचे. हळूहळू मी त्यांची वाट बघू लागले. ज्या वेळेत मला कुणाशी बोलायचं नसायचं त्या वेळेत मी थर्मासाचं दुसरं झाकण बरोबर आणू लागले, यावरून काय ते समजा.

आजी मात्र कधी आली नाही. तिचे गुडघे गेलेले, त्यात दम लागायचा. क्वार्टरमध्ये राहायला आली त्या दिवशी जिना चढली ती चढलीच, पुन्हा उतरली नाही. सगळी हयात उघड्यावर काढलेली बाई खिडकीशी बसून मालगाड्या बघायची. आबा रोज तिला म्हणायचे, "बाग भरू दे. भरली की तुला उचलून नेतो."

"मग नेत का नाही?" मी एकदा विचारलं. "आहे तशी दाखवा की."

आबांनी समोरच्या वाफ्याकडे मान केली. "आशी? ही भुंडी? तीन मजलं खाली आणायची आन् दावायचं काय, काटं?"

हे खरं होतं. त्या वर्षी बागेला काय झालं होतं कुणास ठाऊक. माती दगडासारखी झाली होती. काठ्या लांब वाढलेल्या, पानांवर काळे ठिपके, फुलं कुठे एखादं, तेही बटणाएवढं. आणि त्याच वर्षी घाई होती. संक्रांत झाली की आजीला न्हावऱ्याला थोरल्याकडे न्यायचं घरात ठरलं होतं. तिथे घर जमिनीलगत, अंगण, दारात ऊन. चांगलंच होतं ते. पण एकदा गेली की ती परत दौंडला यायची नाही, हे आबांना कळत होतं. लग्नात तिला काही घेतलं नव्हतं आणि नंतरही काही जमलं नव्हतं, असं ते एकदा म्हणाले. ही एक बाग तेवढी त्यांनी कबूल केली होती.

दिवाळी झाली. आबांच्या भाच्याची मेंढरं कोकणाकडे निघाली होती आणि नदीच्या काठाला येऊन थांबली होती. आबांना ते कळलं आणि त्यांच्या डोक्यात ती गोष्ट आली.

रानात मेंढरं बसवतात हे तुम्हाला माहीत असेल. पीक निघालेल्या शेतात रात्रभर कळप बसवायचा, सकाळी लेंड्या आणि मूत मातीत मुरलेलं, पुढचं पीक जोमात. शेतकरी त्यासाठी धनगराला आवतण देतात. आबांनी जन्मभर दुसऱ्यांची रानं अशी पिकवली होती. मग ही बाग का नाही?

बागेचा माळी शेतकऱ्याच्याच घरातला. त्याला सांगायची खोटी, तो खूष झाला. "आबा, आमचं वडील मेंढरं बसवायला मानसं धाडायचं गावोगाव! आना. उद्या सायेब पुन्याला मीटिंगला जानारयत." मधल्या हिरवळीवर वाघर लावायची, म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी, आणि थोडी मेंढरं आत बसवायची. सकाळी लेंड्या गोळा करून वाफ्यांत टाकायच्या. साहेबांना कळायच्या आत मेंढरं नदीला परत. दोघांनी मिळून इतका विचार केला होता, की मला आधी सांगितलं असतं तर मीही मान डोलावली असती.

त्यांच्या लक्षात एकच गोष्ट आली नाही. आबा रेल्वेच्या रुळांशेजारी राहून इंजिनाच्या भोंग्याला इतके सरावले होते की तो त्यांना ऐकूच येईनासा झाला होता. माळ्याचंही तेच. दौंडमध्ये कुणालाच भोंगा ऐकू येत नाही. मेंढरांना आला.

सकाळी मी बागेत शिरले तेव्हा धुकं होतं, आणि मला वाटलं मी अजून गाडीतच आहे, झोपेत. वाघर आडवी पडली होती आणि भोंग्याला बुजून सुटलेली काळी मेंढरं गुलाबांच्या वाफ्यांतून हिंडत होती. आवाज नाही, नुसते पाय वाजत होते आणि पानं तुटत होती. एकीच्या पाठीवर पाकळ्या पडल्या होत्या. एक माझ्या बाकावर पुढचे पाय ठेवून भुरीचा शेंडा ओढत होती. धुक्यात एक मेंढरू दिसायचं, मिटायचं, दुसरीकडे उगवायचं. भयंकर गोष्ट घडत होती हे मला कळत होतं. तरी मी खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. मी तशीच उभी राहिले.

मग धुक्यातून आबा आले. पटका सुटून गळ्यात आलेला. "म्याडम, त्या अंगानं आडवा!" ते ओरडले. मी पदर खोचून वाटेत आडवी उभी राहिले. मेंढरं माझ्याकडे बघून चघळत राहिली.

भाचा आणि त्याची माणसं येऊन त्यांनी मेंढरं वळवली तोवर ऊन वर आलं होतं. बागेत एक पान राहिलं नव्हतं. नुसत्या काठ्या. काळतोंडी, चुकार, लंगडी, सगळ्या सारख्याच. फिरायला येणारे लोक गोळा झाले, कुणी मोबाइलवर शूटिंग केलं, आणि ते साहेबांना पुण्याला पोचलं. मीटिंग सोडून साहेब दुपारी हजर.

साहेब फार बोलले नाहीत. भले माणूस आहेत, मी सांगितलंच. "आबा, असं पुन्हा करू नका," एवढंच म्हणाले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. आबांनी कमरेची पिशवी काढली. तिच्यात देवाचा भंडारा असायचा, पिवळाधमक. चिमूटभर हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या बागंत म्या पुन्यांदा पाय ठेवनार न्हाई. भंडारा उचलून सांगतो."

"अहो, तसं नाही म्हणालो मी," साहेब म्हणाले. पण भंडारा उचलला होता. धनगराच्या घरात त्याच्यापुढे बोलायचं काही उरत नाही. आबा फाटकाबाहेर गेले आणि मी त्यांच्या पाठमोऱ्या पटक्याकडे बघत राहिले.

पुढे काय झालं याचा तुम्हाला अंदाज आला असेल. साहेबांनी उरलेल्या काठ्या एकसारख्या छाटून घेतल्या. लेंड्या मातीत मिसळल्याच होत्या. माळ्यानं पाणी सोडलं. थोड्याच दिवसांत लालसर कोंब दिसू लागले, आणि पौष लागता लागता बाग अशी फुलली की रस्त्यावरच्या रिक्षा थांबू लागल्या. भुरीला माझ्या तळव्याएवढी फुलं. लंगडीनं एकही कळी गाळली नाही. यश कुणाचं यावर बागेत रोज चर्चा व्हायची. साहेब म्हणायचे छाटणीचं, माळी म्हणायचा खताचं. मेंढरांची बाजू मांडायला कुणी नव्हतं.

मी आबांच्या क्वार्टरवर गेले. आजीला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीक, काळीसावळी, हिरवं गोंदण, नजर मात्र चलाख. आबा कोपऱ्यात घोंगडीवर बसले होते.

"बाग भरलीय," मी म्हणाले.

"वासावनं कळतंय खाली रस्त्याला," आबा म्हणाले. "म्या वलांडून जातो."

"आजीला आणा."

"मानसं आनतील तिला. म्या भाईर थांबन."

"साहेब स्वतः म्हणाले, या म्हणून. कोण बघतंय आता?"

"म्या बघतोय की," आबा म्हणाले.

आजी खिडकीबाहेर बघत होती.

संक्रांतीच्या आदल्या सकाळी मुलानं आणि माळ्यानं मिळून आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. बागेच्या दाराशी माळ्याचा हातगाडा उभा होता, कुंड्या न्यायचा. त्याच्यावर घोंगडी अंथरून तिला बसवलं. मुलाला ड्यूटी होती, तो गेला. माळी पाण्याकडे गेला. हातगाडा मी ढकलू लागले. आबा बाहेर रस्त्यावर, कुंपणाला लागून, आमच्याबरोबर चालू लागले.

आत आजी आणि मी, बाहेर आबा, मध्ये लोखंडी गज. धुकं विरळ होत होतं. आबा गजांतून सांगत होते, "ती भुरी. ती काळतोंडी. म्होरं बघ, म्होरं." आजी बघत होती. हात मागे वगैरे तिनं काही केलं नाही. तिनं दिसेल त्या फुलाला धरलं, कुरवाळलं, गालाला लावलं. आबा बाहेरून बघत होते आणि चक्क गप्प होते. माझा गाडा एका बाजूला ओढ घेत होता, चाक कुरकुरत होतं, आणि तरी आम्ही तिघं कुठेतरी लांब चाललोय, दौंड मागे राहिलंय, असं मला वाटत होतं.

बागेच्या मागच्या अंगाला कुंपण संपतं आणि उंच भिंत लागते. तिथे आबा दिसेनासे झाले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हाक आली, लांब ओढलेली, रानातली. "अगं एऽऽ"

"ओऽऽ" आजीनं तितक्याच लांब उत्तर दिलं. दम लागणाऱ्या बाईचा तो आवाज नव्हता.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमचं आसंच हुतं. ते मेंढरांसंगं फुडं, म्या बिऱ्हाडासंगं मागं. मधी डोंगूर. दिसायचं काय न्हाई. हाक आली की म्हनायचं, हायेत."

पुन्हा हाक आली. आजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मला वाटलं तिला धाप लागली, म्हणून मी वाकले, तर तिनं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं.

"अगं एऽऽ!"

आम्ही दोघी गप्प. चाकही कुरकुरेना.

"अगं एऽ! म्याडम! म्याडम, काय झालं वं?" आता आवाज रानातला राहिला नव्हता. घाबरलेल्या म्हाताऱ्याचा होता. मला राहवेना, मी ओ देणार तोच आजीनं माझं मनगट घट्ट धरलं. भिंतीपलीकडे पावलं वाजली, धावणारी, वहाणांची. ती लांब गेली, कोपऱ्यावर वळली, आणि मग फाटकाचं दार भिंतीवर आपटलेलं ऐकू आलं.

आबा वाफ्यांमधून धावत आले. एक वहाण कुठेतरी राहिली होती. हातगाड्याशी येऊन त्यांनी आजीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिनं डोळे मिचकावले.

"आलात न्हवं आत?" ती म्हणाली. "मग बसा आता."

आबांनी पायांकडे बघितलं, सभोवती बघितलं. फुलांच्या मधोमध उभे होते. त्यांचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. "अगं, भंडारा उचलला हुता म्या," ते म्हणाले.

आजीनं ती पिशवी ओढून घेतली, चिमूट काढली, त्यांच्या कपाळाला लावली आणि स्वतःच्याही. "तुमी कुठं मोडलीत शपत? म्या मोडायला लावली. ते देवाचं आन् माझं, म्या बघते. तुमी लंगडी दावा मला, कंची ती?"

मग आबा हातगाड्याच्या कडेवर टेकले आणि त्यांनी लंगडी दाखवली. मी माझ्या बाकावर जाऊन बसले. चहा तसाच राहिला. मी रडत होते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

संक्रांत झाल्यावर ती दोघंही न्हावऱ्याला गेली. आबा त्याच वर्षी, आषाढात, गेले. मला उशिरा कळलं. ऑफिसला रजा टाकून मी एसटीनं न्हावऱ्याला गेले, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आजी ओट्यावर बसली होती, समोर कांद्याचं रान. मला ओळखलं. हात धरून जवळ बसवलं.

"हाका मारते म्या," तीच म्हणाली. "सांच्याला, हितं बसून. कुनी नसलं की. ओ देत न्हाईत."

मी तिचा हात धरून बसले.

"माझाच डाव माझ्यावर उलटवलाय त्यांनी," आजी म्हणाली आणि हसली. "गप बसून मला आत बोलवत्यात."

"आजी, असं काय बोलता?"

"खरं ते बोलते. म्या जाईन की. त्यांना तर देवाची शपत आडवी हुती तरी आले पळत. मला कसली हाय?"

मग तिनं सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. सुनेनं आतून लगेच ओ दिली.